ई. एम. फॉर्स्टर आणि देवीची टेकडी

आपल्या डहीहून कुक्षी, धार, इंदूर अशा मजला करीत देवासला जाणाऱ्या प्रवाशाला गावाच्या आधी गावावरची टेकडी दिसते. तिच्यावर चामुंडा आणि तुळजाभवानी यांची स्थाने आहेत. नवरात्रात माळव्यातील खेड्यापाड्यांतून माणसे ही टेकडी चढून जातात. त्यांतील फारच थोड्यांना ठाऊक असेल, की हीच टेकडी एका इंग्रजी ग्रंथाच्या नावात जाऊन बसली आहे. ‘द हिल ऑफ देवी’ हे त्या ग्रंथाचे नाव. तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. त्याचा कर्ता एडवर्ड मॉर्गन फॉर्स्टर हा विसाव्या शतकातील इंग्रजी कादंबरीकारांत पहिल्या रांगेत बसणारा लेखक. आणि हा लेखक १९२१ साली सुमारे सहा महिने देवास संस्थानच्या महाराजांचा खासगी कारभारी होता.

विद्यार्थिमित्रहो, पाश्चात्त्य कादंबरीकारांची चरित्रे आपण वाचतो तेव्हा ती कोठल्या तरी दूरच्या धुक्यातली वाटतात. लंडन, केंब्रिज, पॅरिस ही नावे आपण परीक्षेपुरती पाठ करतो. परंतु ह्या एका लेखकाच्या चरित्रातील एक महत्त्वाचे पान आपल्या माळव्यात, शिप्रेच्या काठी, आणि तेही एका मराठी दरबारात लिहिले गेले आहे. म्हणून त्याची ओळख करून देण्याचा हा प्रयत्न.

फॉर्स्टरचा जन्म लंडनमध्ये १ जानेवारी १८७९ रोजी झाला. त्याच्या नावाचीही एक गंमत आहे. घरच्यांनी मुलाचे नाव हेन्री असे ठरविले होते व तशी नोंदही झाली होती. पण बाप्तिस्म्याच्या वेळी घोटाळा होऊन वडिलांचेच एडवर्ड हे नाव मुलाला दिले गेले. वडील वास्तुशिल्पी होते. मूल दोन वर्षांचेही झाले नव्हते, तोच क्षयाने त्यांचे निधन झाले. मग आई, आजी, आत्या अशा स्त्रियांच्या छायेत हा एकुलता एक मुलगा वाढला. वडिलांची मावशी मेरिअन थॉर्न्टन १८८७ साली वारली, तेव्हा तिने आपल्या ह्या नातवाला आठ हजार पौंड ठेवले. त्या पैशाने त्याचे शिक्षण झाले, आणि पोटासाठी नावडती चाकरी धरण्याची पाळी त्याच्यावर आली नाही. लेखकाच्या प्रतिभेविषयी आपण पुष्कळ बोलतो; त्या प्रतिभेला लागणाऱ्या भाकरीविषयी मात्र चरित्रकार ओझरते बोलतात. फॉर्स्टरने स्वतः ते कधी लपविले नाही.

टनब्रिज येथील शाळेत तो दुःखी होता. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात १८९७ साली तो गेला आणि तेथे त्याला मोकळा श्वास घेता आला. मैत्री ही जगातील मोठी गोष्ट आहे, पदवी, पंथ आणि राष्ट्र यांहूनही मोठी, ही त्याची श्रद्धा तेथेच घडली. १९०५ ते १९१० ह्या पाच-सहा वर्षांत त्याच्या चार कादंबऱ्या निघाल्या. त्यांपैकी ‘अ रूम विथ अ व्ह्यू’ (१९०८) व ‘हॉवर्ड्‌स एन्ड’ (१९१०) ह्या विशेष गाजल्या. इंग्रज मध्यमवर्गाचे सोवळेपण, भावना झाकून ठेवण्याची त्याची सवय, पैशाची त्याची गुप्त पूजा हे त्याचे विषय. लेखणी मृदू, पण तिला टोक होते.

भारताकडे त्याला ओढले ते एका विद्यार्थ्याने. १९०६ साली सय्यद रॉस मसूद हा तरुण इंग्लंडात शिकत होता. अलीगढच्या सर सय्यद अहमद खान यांचा हा नातू. ऑक्सफर्डच्या प्रवेशासाठी त्याला लॅटिन शिकविण्याचे काम फॉर्स्टरकडे आले. शिकवणी थोडी झाली, मैत्री मात्र जन्मभराची जडली. पुढे ‘अ पॅसेज टु इंडिया’ ही कादंबरी फॉर्स्टरने मसूदलाच अर्पण केली. दुसरा धागा होता माल्कम डार्लिंग. हा केंब्रिजचा मित्र हिंदी मुलकी नोकरीत शिरला आणि १९०७ साली देवासच्या तरुण राजांचा शिक्षक व पालक म्हणून नेमला गेला. एक मित्र अलीगढचा आणि दुसरा मित्र देवासला. मग फॉर्स्टरचे पाय इकडे वळले यात नवल ते काय?

आता देवासविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्यावाचून पुढील कथा उमगणार नाही. पहिल्या बाजीरावांच्या काळात माळव्यात आलेले तुकोजी आणि जिवाजी हे पवार बंधू देवासच्या राज्याचे मूळ पुरुष; धारचे पवारही याच कुळातील. दोघा भावांचे वंश एकाच गावात राज्य करीत राहिले, आणि देवासच्या दोन पात्या झाल्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. राजे दोन, दरबार दोन, कचेऱ्या दोन, गाव मात्र एकच. एकाच रस्त्याची एक बाजू थोरल्या पातीची आणि समोरची बाजू धाकट्या पातीची. साधारण साडेचारशे चौरस मैलांचे एकेक राज्य, आणि त्यांच्या सीमा एकमेकांत अशा गुंतलेल्या, की नकाशा काढणाऱ्याने हात टेकावेत. फॉर्स्टरला ह्या व्यवस्थेचे हसू आले, तसे ते कोणालाही येईल. परंतु भाऊबंदकीची आणि भावकीची इतकी स्पष्ट भूमिती मराठी वाचकाला नवी नाही. आपल्याकडे वाड्याच्या चौकातही अशा भिंती उभ्या राहिलेल्या आहेत.

थोरल्या पातीचे राजे तिसरे तुकोजीराव हे १८८८ साली जन्मलेले, म्हणजे फॉर्स्टरहून नऊ वर्षांनी लहान. १९१२ च्या ऑक्टोबरात फॉर्स्टर मुंबईस उतरला, अलीगढ, दिल्ली, लाहोर, पेशावर असा फिरला, आणि नाताळात डार्लिंगच्या ओळखीने देवासला पोहोचला. राजांनी पाहुण्यांना हिंदी पोशाख चढवून मेजवानीस बसविले. ठेंगण्या बांध्याचे, मिस्कील, चपळ बुद्धीचे आणि अंतर्यामी अत्यंत धार्मिक असे हे राजे फॉर्स्टरला एकदम आवडले. तेथून तो बिहारात गेला व गयेजवळची बराबर लेणी त्याने पाहिली. मार्च १९१३ मध्ये औरंगाबाद, दौलताबाद आणि वेरूळही पाहिले. इंग्लंडला परतल्यावर त्याने हिंदी जीवनावरच्या कादंबरीस आरंभ केला. काही प्रकरणे झाली आणि लेखणी अडली. मग महायुद्ध आले. युद्धकाळात तो रेडक्रॉसच्या कामासाठी अलेक्झांड्रियात होता. कादंबरी पेटीत पडून राहिली.

१९२१ साली महाराजांचा इंग्रज कारभारी आजारपणाच्या रजेवर मायदेशी गेला आणि त्याच्या जागी काही महिने येण्याचे बोलावणे फॉर्स्टरला गेले. तो आला. कामाचे स्वरूप असे, की बागा, मोटारी, वीजघर, पाहुण्यांची व्यवस्था, पत्रव्यवहार यांवर देखरेख करावी आणि महाराजांना इंग्रजी वाचून दाखवावे. यांपैकी वाचून दाखविणे सोडले तर एकाही कामाची त्याला गती नव्हती, हे त्याने मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. नवा राजवाडा अर्धवट बांधलेला होता आणि बांधून होण्यापूर्वीच ढासळू लागलेला होता. दिवाणखान्यात पियानो होते, नवे कोरे होते, पण माळव्याच्या कोरड्या हवेने तडकून त्यांतून सूर निघत नव्हता. बागेला पाणी नव्हते. खर्चाला मर्यादा नव्हती. आईला आणि मित्रांना धाडलेल्या पत्रांत हे सारे त्याने हसत हसत, कधी वैतागून सांगितले आहे. तीच पत्रे पुढे ‘द हिल ऑफ देवी’त छापली गेली.

त्या पत्रांतील एक प्रसंग मला फार आवडतो. शिप्रेच्या काठी खेडुतांचा घोळका थांबला आणि पलीकडच्या तीराकडे बोट दाखवून ‘साप, साप’ म्हणून ओरडू लागला. फॉर्स्टरला काही तरी काळे, तीन फूट उंच, निश्चल उभे दिसले. हे वाळके झाड असावे, असे त्याने म्हटले. छे! लोकांनी सापाची जात सांगितली, स्वभाव सांगितला, त्याचा डूख कसा असतो तेही सांगितले. मग नदीपलीकडे दगड फेकणे सुरू झाले. एक दगड बुंध्यावर बसला, तरी साप हलेना. अखेर ते वाळके झाडच ठरले, आणि ज्यांनी त्याची जात सांगितली होती तेच सर्वांत मोठ्याने हसले. हा प्रसंग त्याने पुढे कादंबरीत वापरला आहे. तेथे तो केवळ विनोद राहत नाही. डोळ्यांनी पाहिलेले खरे की चार माणसांनी खरे मानलेले खरे, हा प्रश्न त्या कादंबरीच्या गाभ्याशी आहे. आणि त्या प्रश्नाचे बीज शिप्रेकाठच्या त्या खोडात सापडते.

परंतु देवासच्या वास्तव्यातील मुख्य गोष्ट म्हणजे ऑगस्ट १९२१ मधील गोकुळाष्टमी. महाराज कृष्णभक्त होते. उत्सवाचे दिवस आले, की ते नवा राजवाडा सोडून गावातील जुन्या राजवाड्यात राहावयास जात. फॉर्स्टरही त्यांच्याबरोबर गेला. पायांतील जोडे गेले, इंग्रजी पोशाख गेला, मांसाहार गेला. आठ-दहा दिवस भजनाचा खंड नाही. एक ताफा थकला की दुसरा उभा राही. वाजंत्री, लष्करी बँड, हत्ती, टाळमृदंग यांचा एकच कल्लोळ. देव्हाऱ्यावर चित्रे, खेळणी, कागदी फुले यांची इतकी दाटी, की मूळची चिमुकली मूर्ती फुलांच्या पाकळ्यांखाली दिसेनाशी झाली होती. मध्यरात्री जन्म झाला. संस्थानचा अधिपती देवापुढे गात होता, नाचत होता, त्याच्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते. शेवटी मातीचे गोकुळ मिरवत तलावावर नेऊन पाण्यात सोडले गेले.

फॉर्स्टर हा ग्रीक शिल्पाच्या आणि इटालियन चित्रांच्या संस्कारात वाढलेला मनुष्य. त्याच्या डोळ्यांना यात सौंदर्य दिसले नाही, शिस्त दिसली नाही, आणि त्याने तसे लिहिले. आपल्यापैकी कोणाला ते वाचून राग येईल. मलाही प्रथम आला. परंतु थोडे पुढे वाचावे. दुसऱ्या एखाद्या इंग्रजाने नाक मुरडून पाठ फिरविली असती; हा मात्र अनवाणी त्या गर्दीत उभा राहिला, आणि आपल्या धर्मात जे त्याला कधी सापडले नव्हते ते येथे आहे हे त्याने ओळखले. ते म्हणजे देवघरात हास्याला असलेली जागा. बाळकृष्णाच्या खोड्या, लोण्याचा गोळा, एकमेकांची थट्टा हे सर्व पूजेचाच भाग असू शकते, ही गोष्ट त्याला अपूर्व वाटली. महाराजांची भक्ती खरी आहे याविषयी तर त्याला कधीच शंका आली नाही. जे आवडले नाही ते आवडले नाही म्हणावे, आणि तरी त्याचा अर्थ शोधीत तेथे थांबावे, हा गुण प्रवाशांत विरळा.

कादंबरीची अपुरी प्रकरणे त्याने बरोबर आणली होती. पण प्रत्यक्ष भारत समोर असताना ती पाने त्याला निर्जीव वाटू लागली. देवासला त्याने तिच्यात काही भर घातली नाही. १९२२ च्या आरंभी तो घरी पोहोचला आणि लेनर्ड वुल्फ ह्या मित्राच्या आग्रहाने पुन्हा लिहू लागला. ‘अ पॅसेज टु इंडिया’ जून १९२४ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या चार कादंबऱ्यांनंतर चौदा वर्षांनी आलेली ही पाचवी. आणि तो पुढे शेहेचाळीस वर्षे जगला तरी त्यानंतर नवी कादंबरी त्याने प्रसिद्ध केली नाही. ‘मॉरिस’ नावाची एक कादंबरी त्याने १९१३-१४ मध्येच लिहून ठेवली होती. ती पुरुषा-पुरुषांतील प्रेमाविषयी होती. असे प्रेम इंग्लंडच्या कायद्याने १९६७ पर्यंत गुन्हा मानले होते, व फॉर्स्टरचे स्वतःचे जीवनही त्या कायद्याच्या सावलीत गेले. ते पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९७१ साली बाहेर आले.

कादंबरीचे कथानक थोडक्यात असे. चंद्रपूर नावाच्या कल्पित गावी (पाटण्याजवळचे बांकीपूर हे त्याचे मूळ) डॉक्टर अझीझ नावाचा तरुण आहे. मिसेस मूर ही वृद्ध इंग्रज स्त्री आणि अडेला क्वेस्टेड ही तरुणी यांना तो मोठ्या हौसेने मारबार लेणी दाखवावयास नेतो. लेण्यांच्या अंधारात काही तरी घडते, किंवा घडल्याचा भास होतो, आणि अडेला अझीझवर आरोप करते. सारे इंग्रज एका बाजूस, सारे हिंदी दुसऱ्या बाजूस. केवळ फील्डिंग हा कॉलेजचा प्राचार्य आपल्या मित्राची बाजू सोडीत नाही. भर न्यायालयात अडेला आरोप मागे घेते. खटला संपतो, परंतु मने जुळत नाहीत. मशीद, लेणी आणि मंदिर असे ग्रंथाचे तीन भाग आहेत, आणि ते आपल्या हिवाळा, उन्हाळा, पावसाळा या तीन ऋतूंवर बेतलेले आहेत.

तिसरा भाग, मंदिर, हा देवासच्या गोकुळाष्टमीतून उगवला. संस्थानाचे नाव तेथे माऊ असे आहे. हे आपल्या इंदूरजवळचे महू नव्हे. कल्पित गाव आहे, आणि त्यात छत्रपूरचाही थोडा अंश मिसळलेला आहे. तेथे भजनी मंडळाचा मुख्य कोण? तर प्राध्यापक नारायण गोडबोले, दख्खनी ब्राह्मण! कोकणाकडच्या आम्हां मंडळींना हे आडनाव किती घरचे! जगातील विद्यापीठांतून अभ्यासल्या जाणाऱ्या एका इंग्रजी कादंबरीत ते असे अवचित भेटते, आणि त्या गोडबोल्यांच्या तोंडी येतो तो तुकारामाचा गजर. मथुरेचा जन्मोत्सव, माळव्याचे राज्य आणि देहूच्या संताचे नाव. इंग्रज लेखकाला ह्या संगमाचे मराठीपण किती कळले असेल कोण जाणे. पण त्याच्या कानांनी ते अचूक टिपले. माळव्यातील मराठी दरबारांचा इतिहास लिहिणाऱ्याने ह्या साक्षीची नोंद जरूर घ्यावी.

गोडबोले ह्या पात्रावरून वादही झाला आहे. नीरद चौधरी यांनी १९५४ साली लिहिलेल्या एका निबंधात, हा गृहस्थ हिंदू विचाराचा प्रतिनिधी नसून विदूषक आहे, अशी कठोर टीका केली. टीका अगदीच निराधार नाही. कादंबरीतील गोडबोले पुढे माऊ संस्थानचे शिक्षणमंत्री होतात. जुने प्राचार्य फील्डिंग तेथील हायस्कूलची तपासणी करावयास येतात, आणि त्या हायस्कुलाचे तर धान्याचे कोठार झालेले असते! मंत्रिमहाशय बिचारे ही गोष्ट आपल्या जुन्या वरिष्ठांना कशी सांगावी म्हणून टाळाटाळ करतात. शाळेच्या वार्षिकात हे सांगताना मला हसूही येते आणि थोडे टोचतेही. तथापि हेच गोडबोले भजनात उभे राहिल्यावर लेखकाची त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी पालटते. मिसेस मूर, एक गांधीलमाशी, एक दगड, जे जे आठवेल ते ते देवाकडे नेण्याचा त्यांचा प्रयत्न विदूषकाचा नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. ‘द हिल ऑफ देवी’मध्ये राजा दिसतो, दरबारी दिसतात, वाड्यातील नोकर दिसतात, ज्यांच्या शेतसाऱ्यावर तो वाडा उभा राहत होता ती रयत मात्र क्वचितच दिसते. साप दाखविणारे ते खेडूत क्षणभर येतात, हसतात आणि जातात.

आता त्या राजाची अखेर सांगावयाची. ती दुःखद आहे. तुकोजीरावांचा विवाह कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांच्या कन्येशी झाला होता. १९१० साली विक्रमसिंह हे पुत्र झाले. परंतु दांपत्य दुभंगले आणि राणीसाहेब कोल्हापुरास परतल्या. विक्रमसिंह मोठे झाले, त्यांचे लग्न झाले, आणि १९२७ च्या अखेरीस, वडिलांकडून आपल्या जिवास धोका आहे असे सांगून ते देवास सोडून निघून गेले. वर्तमानपत्रांतून गवगवा झाला. इकडे तिजोरी रिकामी होत होती आणि ब्रिटिश सरकारची चौकशी गळ्याशी आली होती. १९३३ साली महाराज यात्रेच्या निमित्ताने निघाले ते थेट फ्रेंचांच्या पाँडिचेरीस जाऊन राहिले, आणि परत आले नाहीत. तेथेच १९३७ साली त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी मसूदही वारला. फॉर्स्टरचे भारतातील दोन जिवलग एकाच वर्षी गेले.

विक्रमसिंहांचे नाव मराठी वाचकाला दुसऱ्या रूपाने परिचित आहे. ते देवासच्या गादीवर बसले, पुढे १९४७ साली कोल्हापुरास दत्तक गेले, आणि शहाजी छत्रपती झाले.

सरकारी कागदांत तुकोजीराव म्हणजे उधळे आणि बेजबाबदार संस्थानिक. कागद खोटे आहेत असे फॉर्स्टर म्हणत नाही. हिशेब त्याने स्वतः पाहिलेले होते. तरीही सोळा वर्षांनी, त्या राजाची बाजू घेणारे फारसे कोणी उरले नसताना, त्याने हे पुस्तक प्रसिद्ध केले. मित्राच्या बागा वाळल्या, पियानो फुटले, राज्य गेले हे सर्व त्यात आहे. आणि तो मनुष्य संतांच्या जातीचा होता ही आपली समजूतही त्याने त्यात निर्भयपणे नोंदविली. एका परक्या इंग्रजाने आपल्याकडच्या एका पडत्या राजाला दिलेला हा न्याय म्हणावा, की मैत्रीचा पक्षपात? मी ते पुस्तक दोनदा वाचले. पहिल्या वेळी पक्षपात वाटला, दुसऱ्या वेळी तसा वाटला नाही.

फॉर्स्टरचे बाकीचे कार्य थोडक्यात सांगतो. केंब्रिजमधील व्याख्यानांतून १९२७ साली ‘आस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल’ हा ग्रंथ झाला. कादंबरी शिकविणाऱ्या प्रत्येक शिक्षकाच्या हाती तो कधी ना कधी येतोच. गोष्ट आणि कथानक यांतील भेद त्याने फार सोपा केला आहे. माझ्या शब्दांत सांगावयाचे तर, ‘शेतकरी बाजारास गेला, मग पाऊस आला’ ही गोष्ट झाली. ‘आभाळ भरून आले म्हणून शेतकरी बाजार अर्धा टाकून परतला’ हे कथानक. दुसऱ्यात ‘म्हणून’ आहे. एकाच गुणावर उभी असलेली ती सपाट पात्रे आणि आपल्याला चकित करू शकतात ती भरीव पात्रे, हा भेदही त्याचाच. १९०९ साली त्याने ‘द मशीन स्टॉप्स’ ही कथा लिहिली. तीत माणसे जमिनीखाली आपापल्या कोठडीत एकेकटी राहतात, यंत्राच्या पडद्यावर एकमेकांना पाहतात, यंत्रातून बोलतात, आणि प्रत्यक्ष भेटीचा त्यांना कंटाळा येतो. मग एके दिवशी यंत्र बंद पडते. हातात मोबाइल घेऊन बसणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना ही कथा मी सांगितली, तेव्हा ती शंभर वर्षांपूर्वीची आहे हे पटवून द्यावे लागले.

हिंदी लेखकांचा तो कैवारी होता. मुल्कराज आनंद यांच्या ‘अनटचेबल’ (१९३५) ह्या कादंबरीला त्याने प्रस्तावना लिहिली. १९४५ साली लेखकांच्या परिषदेसाठी तो तिसऱ्यांदा भारतात, जयपुरास, येऊन गेला. ‘अ पॅसेज टु इंडिया’चे नाटक सान्था रामा राव यांनी केले. भारताच्या रिझर्व्ह बँकेचे एके काळचे गव्हर्नर बेनेगल रामा राव यांच्या त्या कन्या, म्हणजे कोकणी बोलणाऱ्या सारस्वत घराण्यातील. १९६० साली ऑक्सफर्डला ते रंगभूमीवर आले व फॉर्स्टरने ते पसंत केले. १९८४ साली डेव्हिड लीन यांनी चित्रपट काढला. त्यात अझीझ झाले व्हिक्टर बॅनर्जी, आणि आपले गोडबोले झाले अॅलेक गिनेस हे इंग्रज नट!

सरदारकी त्याने १९४९ साली नाकारली. नव्वदाव्या वाढदिवशी ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ मात्र स्वीकारली. शेवटची वर्षे किंग्ज कॉलेजातील खोल्यांत गेली आणि ७ जून १९७० रोजी कॉव्हेन्ट्री येथे मित्राच्या घरी त्याचे निधन झाले.

ज्यांना इंग्रजी बऱ्यापैकी वाचता येऊ लागले आहे, त्यांनी एकदम कादंबरीस हात घालू नये. आधी ‘द मशीन स्टॉप्स’ वाचावी. ती लहान आहे. मग ‘द हिल ऑफ देवी’मधील १९२१ ची पत्रे काढावीत, आणि पुढच्या वेळी देवासला उतरणे झाले तर गोकुळाष्टमीचे पत्र वाचून टेकडी चढावी. वरून दोन्ही पात्या दिसतात. त्यांच्यामधला तो रस्ता कोठला, हे तेथील जुन्या माणसांना विचारावे.